दवाखान्यात होणारा न्यूमोनिया: उशाशी बसणाऱ्यानं काय बघायचं, काय करायचं

रात्रीची जेवणं झाली की माझा फोन वाजतो. खानापूर तालुक्यातलं एखादं गाव, नाहीतर यळ्ळूर, उचगाव, कधी पलीकडचं चंदगड. कुणीतरी बेळगावात अ‍ॅडमिट असतं आणि 'आपल्यातली सिस्टर' म्हणून माझा नंबर हातोहात पोचलेला असतो. परवा एका पोरानं विचारलं, "मावशी, आईला न्यूमोनिया झालाय म्हणायलेत ओ. खरं ती तर मांडीचं हाड मोडलं म्हणून आलेली की! छातीत कायच नव्हतं तिच्या." (आमच्याकडं 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी.)

त्याच्या आवाजात राग होता. दवाखान्यानं काहीतरी लपवलं असं त्याला वाटत होतं. मी सत्तावीस वर्षं वॉर्डात आणि आयसीयूत काढली, त्यामुळं हा राग मला ओळखीचा आहे. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहिते. उशाशी बसणाऱ्या माणसाच्या हातात खूप काही असतं आणि ते त्याला कुणी सांगत नाही.

आधी हे काय आहे ते. घरून घेऊन येतो तो न्यूमोनिया वेगळा. दुसऱ्याच कारणानं अ‍ॅडमिट झालेल्याला, ४८ तास उलटून गेल्यावर जो होतो, त्याला दवाखान्यातला न्यूमोनिया म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी 'एचएपी' येईल. व्हेंटिलेटरची नळी घातल्यावर ४८ तासांनंतर झाला तर 'व्हीएपी'. ही वेळेची रेघ अशासाठी, की त्याआधी उमटलेला आजार बहुधा घरूनच छातीत बसून आलेला असतो. नंतरचे जंतू वेगळे असतात, त्यांना लागू पडणारी औषधंही वेगळी असतात.

जंतू हवेतून उडत येतात असं समजून लोक नाकाला रुमाल लावून बसतात. या आजारात बहुतेक वेळा वाट तोंडातून असते. झोपेत आपल्या सगळ्यांचीच थोडीथोडी लाळ श्वासनळीत उतरते. धडधाकट माणूस ठसकतो, उरलंसुरलं छाती स्वतः निस्तरते. आजारी माणसाचं तसं होत नाही. दवाखान्यात चार-पाच दिवस काढले की त्याच्या तोंडातली वस्तीच बदलते. नेहमीचे निरुपद्रवी जंतू मागं हटतात आणि आतड्यातले, वॉर्डातले त्यांच्या जागी येऊन बसतात. त्यात अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या, आधी दिलेली अँटिबायोटिक्स, झोपेचं औषध, टाके दुखतात म्हणून दाबून धरलेला खोकला आणि दिवसभर पाठीवर सपाट निजणं. लाळ उतरते ती फुप्फुसाच्या तळाशी जाऊन साठते, आणि तिथं त्या जंतूंना वाढायला मोकळं रान मिळतं.

जंतूंची ओळख

रिपोर्टवर ही नावं येतात तेव्हा माणसं घाबरतात, म्हणून ओळख करून देते.

पहिलं क्लेब्सिएला. हा मूळचा आतड्यातला. त्याच्या अंगावर चिकट, जाड आवरण असतं, त्यामुळं शरीरातल्या पांढऱ्या पेशींना तो गिळायला जड जातो. लॅबमधल्या एका ताईनं मला एकदा जंतू वाढवायची प्लेट उघडून दाखवली होती: गुलाबी, ओलसर, फुगलेले ठिपके. तारेच्या टोकानं एक ठिपका टोचून वर उचलला तर काकवीची निघते तशी तार निघाली. आमच्या भागातल्या गुऱ्हाळावर जो उभा राहिलाय त्याला ती तार बरोबर कळेल. असा चिकट जंतू छातीत रुजला की कफही तसाच घट्ट होतो आणि खोकून सुटत नाही.

दुसरा असिनेटोबॅक्टर. हा मला सगळ्यात जास्त छळलेला. याला ओल लागत नाही. पलंगाचा दांडा, बीपीचा पट्टा, मॉनिटरची बटणं, पडद्याची कड, अशा कोरड्या जागी तो आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो. एका पेशंटच्या पलंगाला टेकलेला हात तसाच दुसऱ्याच्या उशीला लागला की याचं काम झालं. बऱ्याच भारी औषधांना तो जुमानत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली नव्या औषधांची निकड असलेल्या जंतूंची यादी काढली, त्यात कार्बापेनेम या भारी अँटिबायोटिक्सना न जुमानणारा असिनेटोबॅक्टर अगदी वरच्या गटात होता. २०२४ च्या यादीतही तो तिथंच आहे.

तिसरा स्यूडोमोनास. हा पाण्याचा जीव. सिंकची जाळी, ऑक्सिजनची बुडबुडणारी बाटली, नेब्युलायझरचा न वाळवलेला कप, सगळीकडं याचं बस्तान. प्लेटवर हिरवट रंग सोडतो आणि द्राक्षासारखा गोडसर वास येतो. वर्षानुवर्षं बिडी ओढून छाती खराब झालेल्यांना हा लवकर धरतो. ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी कमी झालं तर ती नळाखाली धरून भरू नका. तिला निर्जंतुक पाणीच लागतं, सिस्टरला सांगा. चांगल्या मनानं बाटली भरून आणणारे नातेवाईक मी कितीतरी पाहिलेत.

चौथा स्टॅफिलोकोकस ऑरियस. साधारण तीनात एका माणसाच्या नाकात हा गुण्यागोविंदानं राहतो, त्याला कधी त्रासही देत नाही. त्याचा नेहमीच्या औषधांना दाद न देणारा प्रकार म्हणजे एमआरएसए. तो निघाला तर व्हॅन्कोमायसिन किंवा लिनेझोलिड लागतं. यांखेरीज ई. कोलाय, एन्टेरोबॅक्टर वगैरे आतड्यातली बाकी मंडळी. पहिल्या चार दिवसांतच आजार दिसला तर न्यूमोकोकस, हिमोफिलस यांसारखे साधे जंतूही असू शकतात, आणि ते साध्या औषधांनी आटोक्यात येतात. पाचव्या दिवसानंतर चिवट जंतूंची शक्यता वाढते.

गेल्या ९० दिवसांत शिरेतून अँटिबायोटिक दिलेलं असेल तरीही ही शक्यता वाढते. आपली माणसं आधी गावातल्या डॉक्टरकडं, मग खानापूर किंवा निपाणीला, आणि शेवटी बेळगावला येतात. वाटेत दिलेल्या इंजेक्शनांची चिठ्ठी कुठंतरी खिशात चुरगळून गेलेली असते. ती शोधा, सरळ करा आणि अ‍ॅडमिट करतानाच डॉक्टरांच्या हातात द्या. औषध निवडताना त्यांना ती चिठ्ठी फार उपयोगी पडते.

आप्पांची पेज

आता माझ्या घरची गोष्ट. आमचं माहेर जांबोटीच्या बाजूला. तिकडचा आषाढातला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना गोठ्यातलं शेवाळ सांगायला नको. आप्पा, म्हणजे माझे वडील, पहाटे म्हशीखालचं शेण काढताना घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. वय ७४. ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ड्यूटी संपवून मी त्यांच्याकडं गेले तर थोरला भाऊ उशाशी बसून उकड्या तांदळाची पेज पाजत होता. पलंग सपाट. वर उचललं की आप्पा कळवळायचे म्हणून त्यानं उचललाच नव्हता. आप्पांचे डोळे अर्धे मिटलेले, दुखण्याच्या इंजेक्शनची गुंगी. चमचा आत जायचा, ओठाच्या कोपऱ्यातून थोडी पेज गळायची, मग एक बारीकसा ठसका. भाऊ म्हणाला, "दोन दिस कायच खाल्लं न्हाई ओ त्यानी."

मी बघितलं आणि काही बोलले नाही. बारा तासांची ड्यूटी करून आले होते, भाऊ रडवेला झाला होता, आणि बाप जेवतोय याचंच समाधान मलाही वाटलं. चौथ्या दिवशी ताप आला. पाचव्या दिवशी आप्पा मला आईच्या नावानं हाक मारायला लागले, ऑक्सिजन ८८ वर उतरला. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात पांढरा डाग. कफात क्लेब्सिएला. सतरा दिवस दवाखाना चालला. आप्पा घरी आले. पण तो बारीक ठसका मी स्वतःच्या कानांनी ऐकला होता आणि त्याचा अर्थ मला ठाऊक होता. म्हणून पुढचं सगळं मी पुन्हापुन्हा सांगते, कुणाला कंटाळा आला तरी.

उशी, घास, दात, हात

डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी. 'थोडंसं वर केलंय' हे पुरत नाही. डोळ्यांना ३० अंश वाटतं तेव्हा ते बहुधा १५ असतं. घरात शाळकरी पोर असेल तर त्याच्या कंपासपेटीतला गुण्या आणा. पलंगाची आडवी चौकट आणि वर उचललेला भाग यांच्या कोपऱ्याशी गुण्याचा ३० चा कोन धरा, लगेच कळतं. आणि एकदा उचललं की झालं असं नसतं. माणूस घसरत घसरत पायथ्याशी जातो, पाठ सपाट होते आणि मान तेवढी वाकडी वर राहते. दर दोन तासांनी बघा, सिस्टरला किंवा वॉर्डबॉयला बोलावून वर सरकवून घ्या. मणक्याला मार असेल, बीपी फार खाली असेल किंवा काही विशिष्ट ऑपरेशनं झाली असतील तर डोकं वर करायचं नसतं. म्हणून पहिल्या दिवशीच डॉक्टरांना विचारा: "डोकं किती वर ठेवू?"

घास देण्याआधी नावानं हाक मारा. डोळे उघडून नीट उत्तर दिलं तरच चमचा उचला. गुंगीतल्या माणसाला काहीही पाजू नका, पाणीसुद्धा नाही. पाणी पातळ, ते पेजेपेक्षा लवकर चुकीच्या नळीत उतरतं. माणसाला ताठ बसवा, हनुवटी जराशी छातीकडं, छोटा चमचा, एक घास गिळला हे बघूनच दुसरा. बोलता बोलता भरवायचं नाही. ठसका लागला, आवाज ओला-घोगरा झाला, घास गालातच राहिला की थांबा आणि सिस्टरला सांगा. जेवणानंतर निदान अर्धा तास तसंच बसवून ठेवा. लकवा मारलेल्या माणसाला तर गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडानं काही द्यायचंच नाही. देवाचं तीर्थ असलं तरी ओठाला बोट लावा, घोट देऊ नका. नाकातून नळी असेल तर तिच्यातून स्वतः काही ओतू नका, ते काम सिस्टरचं.

दात घासणं ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. माणूस आजारी म्हणून आठ-आठ दिवस ब्रश लागत नाही आणि तोंडात नेमके वर सांगितलेले जंतू थर धरतात. सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रशनं दात, हिरड्या, जीभ. पेस्ट वाटाण्याएवढी. चूळ बाजूला वाकवून थुंकायला लावायची. कवळी असेल तर रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची. तोंडात ठेवून झोपायचं नाही. बेशुद्ध किंवा नळीवरच्या माणसाचं तोंड सिस्टर सक्शन, म्हणजे लाळ ओढून घेणारी नळी, लावून साफ करतात, तिथं तुम्ही हात घालू नका, पण "आज तोंड साफ झालं का?" हे विचारायला काहीच हरकत नाही. पूर्वी आम्ही व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येकाला क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक औषध तोंडात लावायचो. अमेरिकेतल्या २०२२ च्या मार्गदर्शनात त्यापेक्षा साध्या ब्रशवर भर दिलाय. दहा-वीस रुपयांचा ब्रश, आणि त्यानं न्यूमोनिया कमी होतो हे चाचण्यांतून दिसून आलंय. मी अ‍ॅडमिट होणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत पहिल्यांदा ब्रश टाकायला सांगते.

हातांबद्दल थोडक्यात, पण हेच सगळ्यात मोडतं. पेशंटला हात लावण्याआधी आणि लावून झाल्यावर. पलंगाच्या कडेची सॅनिटायझरची बाटली दाबून वीस-तीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठ्याला चोळून, सुकेपर्यंत. हात मळलेले दिसत असतील तर साबण-पाणी, चाळीस ते साठ सेकंद. व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरनं १८४७ साली प्रसूती वॉर्डात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू एकदम खाली आले. तेव्हा जंतूंमुळं आजार होतो हे सिद्धही झालं नव्हतं. आमच्या वॉर्डात भेटायची वेळ झाली की अख्खी गल्ली यायची. शेजारच्या पलंगावरच्या आजीचीही विचारपूस करायची, तिच्या कपाळाला हात लावून यायचं, ही आपली माया. आजीशी चार शब्द जरूर बोला, फक्त मध्ये हात चोळा. पलंगावर बसू नका. मोबाइल पेशंटच्या उशीवर ठेवू नका.

ऑपरेशननंतर तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं खेळणं देतात, स्पायरोमीटर. दहापैकी सात जण त्यात फुंकर मारताना मी बघितलेत. फुंकायचं नाही, तोंडात नळी धरून श्वास हळूहळू आत ओढायचा, गोळी वर गेली की क्षणभर धरायची. जागेपणी तासाला दहा वेळा. खोकताना टाक्यांवर उशी घट्ट धरायला द्या, दुखणं कमी होतं आणि कफ सुटतो. डॉक्टर म्हणतील त्या दिवशी खुर्चीत बसवा, चालवा. 'विश्रांती घेऊ दे' म्हणून झोपवून ठेवणं छातीला सोसत नाही.

शंका आली तर

नवा ताप, १००.४ फॅरनहाइटच्या वर. कफ वाढला, घट्ट झाला, पिवळा-हिरवा झाला. श्वास भरभर. ऑक्सिजनचा आकडा कालच्यापेक्षा खाली. म्हाताऱ्या माणसांत ताप नसतोही. ती नुसती बरळायला लागतात, माणसं ओळखत नाहीत. यातलं काही दिसलं तर राउंडची वाट बघू नका, लगेच सांगा.

आणि भाषेपायी गप्प बसू नका. वॉर्डातल्या सिस्टर धारवाडच्या असतील, केरळच्या असतील. खोकला म्हणजे 'केम्मु', ताप म्हणजे 'ज्वरा', कफ कन्नडातही कफच. एवढे तीन शब्द आणि बोटानं छाती दाखवलीत तरी काम होतं. मी पहिल्यांदा नोकरीला लागले तेव्हा मलाही फार कन्नड येत नव्हतं. शिकवलं ते पेशंटांनीच.

डॉक्टरांना विचारायचा मुख्य प्रश्न असा: "अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी कफ आणि रक्त कल्चरला पाठवलं का?" कल्चर म्हणजे नमुन्यातला जंतू लॅबमध्ये प्लेटवर वाढवून ओळखणं. औषध आधी गेलं तर जंतू प्लेटवर उगवत नाही आणि पुढं अंदाजानं चालावं लागतं. नमुना घेतला की मात्र रिपोर्टसाठी थांबायचं नसतं. त्या दवाखान्यात कोणते जंतू फिरतात हे बघून डॉक्टर औषध सुरू करतात आणि रिपोर्ट आल्यावर बदलतात. पूर्ण रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. कफ द्यायचा तर आधी चूळ भरून, खोलवर खोकून काढलेला. नुसती थुंकी दिली तर लॅब परत पाठवते, आणि ते बरोबरच आहे.

रिपोर्ट हातात आला की वरच जंतूचं नाव असतं, खाली औषधांची यादी आणि प्रत्येकासमोर एस, आय किंवा आर. एस म्हणजे लागू पडतं, आर म्हणजे पडत नाही, आय मधलं. तिथं डोस वाढवून काम होईल का हे डॉक्टर ठरवतात. अख्खी यादी आर दिसली तरी धीर सोडू नका. कोलिस्टिनसारखी औषधं राखून ठेवलेली असतात. ती किडनीवर ताण टाकतात, म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, रोज बघतात. आणखी एक: कफात जंतू उगवला म्हणजे न्यूमोनिया झालाच असं नसतं. नुसता येऊन बसलेलाही असतो. एक्स-रे, ताप, ऑक्सिजन हे सगळं जुळवून डॉक्टर ठरवतात. कफात 'कॅन्डिडा' नावाची बुरशी निघाली म्हणून मला रडत फोन आलेत. तिला बहुतेक वेळा औषधच लागत नाही.

'भारीतलं इंजेक्शन द्या' म्हणून डॉक्टरांच्या मागं लागू नका. एसमध्ये साधं औषध असताना भारी वापरलं तर पुढच्या वेळी तेही आर होतं. सुधारणा होत असेल तर सात दिवसांचा कोर्स बहुतेकांना पुरतो. एकवीस दिवस दिलं म्हणजे जास्त बरं होतं असं नाही.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डाबरोबर कल्चरचा रिपोर्ट मागून घ्या. पुष्कळदा तो फाइलमध्येच राहतो. हे चिवट जंतू छाती बरी झाल्यावरही आतड्यात महिनोन्‌महिने मुक्काम करतात, आणि पुढच्या आजारपणात डॉक्टरांना पहिल्या दिवसापासून योग्य औषध निवडायला तो कागद लागतो. आप्पांना दोन वर्षांनी लघवीचं इन्फेक्शन झालं तेव्हा भावानं तांदळाच्या डब्यामागची प्लास्टिकची पिशवी काढली आणि तो जुना, घडी पडलेला रिपोर्ट घेऊन पहाटेच्या पहिल्या बसनं बेळगाव गाठलं. डॉक्टरांनी नाव विचारायच्या आधी त्यानं तो टेबलावर ठेवला होता.